हाक अकरा, आत दोन

आमच्या कारखान्याची कार्यक्षमता एका वर्षी तिप्पट झाली होती. थट्टा करत नाही. तसा तक्ता होता, तो मीच काढला होता आणि त्यावरचा वर जाणारा लाल बाणही माझ्याच हातचा होता. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर कार्यक्षमता हा शब्द काढला की माझं डोकं फिरतं. घरातली मंडळी तो शब्द टाळतात.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. हुबळीत गोकुळ रोडला आमचा कारखाना. कडबा कापायच्या यंत्राला जी पाती लागतात ती आम्ही करायचो. मालक दत्तात्रय, त्यांना सगळे दत्ताअण्णा म्हणत. मूळचे मिरजेकडचे, पण तीन पिढ्या हुबळीच्या बाजारात लोखंडाचं दुकान. मी वेंकटेश, ऑफिसातला टायपिस्ट, हजेरी लिहिणारा आणि पंखा बंद पडला तर माणूस बोलावून आणणारा. कारखान्यात भाषांची वाटणी ठरलेली होती. ऑफिसात मराठी, बिलं इंग्रजीत, भट्टीवर कानडी, आणि शिव्या ज्याच्या त्याच्या.

भट्टीवर सिद्राम होता. घरी तो मराठी बोलायचा, पण भट्टीपाशी आला की कानडी. त्याला काम शिकवणारा म्हातारा कानडी होता, आणि काम ज्या भाषेत शिकलं त्याच भाषेत ते नीट होतं, असं सिद्रामचं म्हणणं. काम ऐकायला सोपं. पात्यांचं ताट भट्टीत सारायचं, पाती तापून ठरावीक लाल झाली की बाहेर ओढून तेलात बुडवायची. तेवढ्यानं पात्याला कडकपणा येतो आणि धार टिकते. लवकर काढलं तर पातं मऊ राहतं, उशीर झाला तर ठिसूळ होऊन तुटतं. तो ठरावीक लाल म्हणजे कोणता, हे एकट्या सिद्रामला ठाऊक होतं. "पिकल्या तोंडल्यागत," असं तो सांगायचा. मी कितीदा भट्टीच्या झरोक्यातून बघितलं, मला नुसतं ऊन दिसायचं.

झरोक्याला डोळा लावून सिद्राम उभा, आणि लांब चिमटा घेऊन भरमा नावाचा गडी भट्टीच्या तोंडाशी. ब्लोअरच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. सिद्राम ओरडायचा, "हाक!" कानडीत हाक म्हणजे घाल. भरमा ताट भट्टीत सारायचा. मग दहा-अकरा मिनिटं सिद्राम डोळा हलवायचा नाही. रंग आला की ओरडायचा, "आत!" कानडीत, निदान आमच्या हुबळी-धारवाडच्या कानडीत, आत म्हणजे झालं. भरमा ताट ओढून तेलात बुडवायचा, रिकामं करायचा, दुसरं लावायचा. त्याला दोन मिनिटं लागत. ते झालं की पुन्हा "हाक!"

बावीस वर्षं हे असं चाललेलं. सिद्राम डोळ्यांना फार जपायचा. सिनेमा बघायचा नाही, पारख जाते म्हणून. दर तासाला नळावर जाऊन डोळ्यांवर गार पाणी मारायचा. आणि रोज दुपारी एक वाजता मी डबा घेऊन भट्टीवरून झाडाखाली जायला निघालो की विचारायचा, "वेंकण्णा, ऊट आत?" म्हणजे जेवण झालं का. माझ्या हातात भरलेला डबा त्याला दिसत असायचा. तरी विचारायचा. आमच्याकडे तशी रीतच आहे, त्यात पोटाची चौकशी कमी आणि माणसाची जास्त असते. मी म्हणायचो, "इल्ला, आता जेवणार. तुझं?"

त्या वर्षी अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या दुकानांत पंजाबकडची पाती दिसायला लागली. चकचकीत, कागदात गुंडाळलेली. आमची पाती सुतळीनं बांधून जायची. दत्ताअण्णांच्या मनानं घेतलं की आपण स्पर्धेत मागं पडलो. पुढंमागं धारवाडजवळ बेलूरकडं मोठी शेड टाकायचं त्यांचं स्वप्न होतं, ते आता डोळ्यांपुढं धूसर व्हायला लागलं. कुणीतरी सांगितलं, पुण्याहून तज्ज्ञ बोलवा. आपल्या माणसानं सांगितलेलं आपल्याला पटत नाही. तेच पुण्याहून आलेल्यानं सांगितलं की लगेच पटतं.

तज्ज्ञ आले. नाव प्रभंजन. टेरिलीनचा शर्ट, खिशात तीन पेनं, गळ्यात स्टॉपवॉच. दत्ताअण्णा म्हणाले, "भट्टीवरची माणसं कानडी बोलतात. आमचा वेंकटेश दुभाष्या म्हणून बसेल तुमच्याजवळ."

"छे छे, गरज नाही," प्रभंजनसाहेब म्हणाले. "आमचे आजोबा धारवाडचे. कानडी रक्तात आहे माझ्या."

ते रक्तातच राहिलं असावं, कानापर्यंत आलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एक वाजता सिद्रामनं पाहुण्याला अदबीनं विचारलं, "ऊट आत्रि, साहेब?"

साहेब म्हणाले, "नको नको, आत नको. आत फार गरम होतं. मी बाहेर व्हरांड्यातच जेवतो."

आम्ही तोंड फिरवून हसलो. भरमा तर चिमटा खाली ठेवून हसला. पण चूक कुणी दुरुस्त केली नाही. पाहुण्याची चूक दाखवायची नाही, ही आमच्याकडची दुसरी रीत, आणि ती पहिलीपेक्षा वाईट.

साहेब भट्टीजवळ एकूण पाच मिनिटं उभे राहिले. तेवढ्यात एक ठिणगी उडाली आणि टेरिलीनला वाटाण्याएवढं भोक पडलं. त्यानंतर त्यांनी आम्हाला त्यांचं शास्त्र समजावून सांगितलं. कामगाराला आपल्यावर नजर आहे हे कळलं की तो वेगळं वागतो, म्हणून निरीक्षकानं कधी दिसू नये. सबब ते तीन दिवस ऑफिसातल्या दुधी काचेच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसून होते. भट्टी दिसत नव्हती, आरोळ्या मात्र स्पष्ट ऐकू यायच्या. "हाक!" आली की साहेब घड्याळाची कळ दाबत, "आत!" आली की पुन्हा दाबत. तीन दिवसांत दोन वह्या भरल्या.

त्या वह्या टाइप करायला माझ्याकडे आल्या. वह्यांत मराठीत टिपणं होती, अहवाल इंग्रजीत व्हायचा होता. पहिलं पान उलटलं आणि माझी बोटं थांबली. दोन रकाने होते. एकावर लिहिलेलं, हाक. खाली अकरा मिनिटं, दहा, अकरा, साडेअकरा. दुसऱ्यावर लिहिलेलं, आत. खाली दोन मिनिटं, दोन, सव्वादोन, दोन. आणि त्याखाली साहेबांचा निष्कर्ष: "भट्टीचा मुख्य कामगार एकेका ताटामागे अकरा मिनिटे नुसत्या हाका मारण्यात घालवतो. पाती भट्टीच्या आत असतात ती फक्त दोन मिनिटे. हाकेचा वेळ पूर्ण रद्द करावा. हाका मारणाऱ्याचे पद अनावश्यक."

म्हणजे पाती तापत होती तो वेळ साहेबांनी आरडाओरड्याच्या खाती टाकला होता, आणि ताट रिकामं होऊन भरत होतं तो वेळ भट्टीच्या. मी एकटाच टाइपरायटरपुढे खदखदून हसलो. उठलो. दत्ताअण्णांच्या खोलीकडे निघालोही होतो. जाता जाता सहज शेवटचं पान बघितलं. तिथं लिहिलं होतं: "अंमलबजावणीसाठी विद्यमान टायपिस्ट श्री. वेंकटेश यांना प्रोग्रेस ऑफिसर नेमावे. त्यांना स्वतंत्र टेबल व फिरती खुर्ची द्यावी."

मी परत जागेवर येऊन बसलो.

आता कुणी म्हणेल, एका खुर्चीसाठी? होय, एका खुर्चीसाठी. ज्यानं एकोणीस वर्षं पाठ मोडलेल्या लाकडी खुर्चीत बसून काढली आहेत, त्यानंच मला नावं ठेवावीत. मी स्वतःला सांगितलं की मोठ्या माणसांनी काहीतरी विचार केला असेल, मी टायपिस्ट, माझं काम टाइप करणं. आणि हाकेला 'कॉलिंग टाइम', 'आत'ला 'इनसाइड टाइम' असं स्वच्छ इंग्रजीत टाइप केलं. दत्ताअण्णांना कानडी मराठीइतकंच येत होतं. मूळ शब्द दिसते तर त्यांनी तिथंच कपाळावर हात मारला असता. पण इंग्रजीत गेल्यावर ते शब्द कुणाच्या बापाला ओळखू येणार नव्हते. वह्या साहेब पुण्याला घेऊन गेले.

सिद्रामला ऑफिसात बोलावून दत्ताअण्णांनी सांगितलं, "सिद्राम, उद्यापासनं भट्टीवर इलेक्ट्रिक घंटा. दोन मिनिटांनी वाजेल, भरमा ताट काढेल. हाका मारायचं बंद."

"हाका?" सिद्राम म्हणाला. "मी कुणाला हाका मारतोय, अण्णा?"

"अकरा मिनिटं मारतोस. शास्त्रीय मोजणी आहे."

सिद्रामनं माझ्याकडे बघितलं. मी कागद सरळ करत होतो.

"दोन मिन्टात पातं पिकत न्हाई, अण्णा. हिरवंच ऱ्हातंय."

दत्ताअण्णांनी अहवालाचं एकतिसावं पान उघडून मोठ्यानं वाचलं. तिथं लिहिलं होतं की बदल होताना जुने कामगार माल कच्चा राहतो अशी तक्रार करतील. तो बदलाला असलेला नैसर्गिक विरोध समजावा. साहेबांनी सिद्रामच्या तोंडचं वाक्य महिनाभर आधी लिहून ठेवलं होतं, याचं दत्ताअण्णांना फार कौतुक वाटलं. सिद्रामला कामावरून काढलं नाही, दत्ताअण्णा तसे दयाळू. त्याला फाटकावर बसवलं. खाकी सदरा, एक शिट्टी आणि एक रजिस्टर. रजिस्टरला दोन रकाने, आत आणि बाहेर. ते मी आखून दिले होते.

घंटा सुरू झाली. पूर्वी दिवसाला छत्तीस ताटं निघायची, ती एकशेवीस निघायला लागली. भरमा एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला, "वेंकण्णा, काळीच काढाय लागलोय मी पाती. लाल हुईतच न्हाईत." मी फिरत्या खुर्चीत अर्धा फिरून म्हणालो, "पान एकतीस." तो गेला. मी तक्ता काढला, बाण काढला. उद्योजकांच्या एका मंडळानं उत्पादकता सप्ताहात दत्ताअण्णांना ढाल दिली. फोटोत मी मागच्या रांगेत आहे, मान उंच करून.

रोज एक वाजता मी डबा घेऊन फाटकावरून जायचो, कारण भट्टीवरून जाणं मला जड जात होतं. सिद्राम स्टुलावर बसलेला असायचा. त्याचा सदरा दोन मापं मोठा होता. आता डोळ्यांना भट्टीची झळ लागत नव्हती, तरी तो तासाला उठून पाणी मारायचा, सवयीनं. मला बघून विचारायचा, "वेंकण्णा, ऊट आत?" एकदा त्यानं विचारलं, "मी हाका मारतोय म्हणून कुणी सांगितलं वो सायबाला? म्या ल्हान पोरासारकं कुणालाबी हाका मारत न्हाई." मी म्हणालो, "मोठ्यांचं मोठे जाणोत." त्या दिवशी कुसुमनं, माझ्या बायकोनं, वांग्याची भाजी दिली होती. ती मला गेली नाही.

महिना उलटला आणि माल परत यायला लागला. आधी कलघटगीहून एक पोतं, मग यार्डातल्या दुकानांतून हातगाड्या भरभरून. एक दुकानदार दत्ताअण्णांच्या टेबलाशी उभा राहिला, नवंकोरं पातं दोन्ही हातांनी धरून सहज वाकवलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाला, "अण्णा, कडबा शाबूत हाय. पातंच कापलं गेलं." दत्ताअण्णांनी चौतिसावं पान वाचून दाखवलं, ग्राहकाची नैसर्गिक नाराजी. दुकानदार म्हणाला, "ते पुस्तक तरी द्या, कडब्यावर चालतंय का बघतो."

परत आलेल्या पात्यांची थप्पी भट्टीच्या भिंतीपेक्षा उंच झाली. बाजारातल्या एका हॉटेलवाल्यानं डोसे उलथायला म्हणून दोन डझन नेली आणि चांगली आहेत असा निरोप पाठवला. स्पर्धेत आम्ही तेवढी एक लढाई जिंकली.

शेवटी दत्ताअण्णांनी प्रभंजनसाहेबांना पुन्हा बोलावलं. ते केबिनमध्ये बसले, घंटा ऐकली, घड्याळ बघितलं, खूश झाले. "उत्पादन निर्दोष आहे," म्हणाले. मग कागदपत्रं मागवली. हजेरी बघितली, तक्ता बघितला, फाटकाचं रजिस्टर मागवलं. ते चाळता चाळता त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा! पूर्वीच्या काळात आत आलेल्या मालाची नोंदच नाही, म्हणजे शून्य. हा नवा गेटमन आल्यापासून रोज आत. पोतीच्या पोती आत. तुमची समस्या फाटकावर आहे. हा माणूस परत आलेला माल आत घेतो आणि वर लिहूनही ठेवतो! काढा त्याला. मालाला अडवणारा माणूस ठेवा."

मला वाटलं दत्ताअण्णा हसतील. ते दोन रात्री झोपले नव्हते, हसायचं विसरले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वेंकटेश, पत्र टाइप कर. सिद्राम, उद्यापासून कामावर येण्याची गरज नाही."

मी कागद चढवला. तारीख टाइप केली. सिद्राम एवढंच टाइप झालं. बावीस वर्षं जो माणूस डोळे जाळत उभा राहिला, त्याला आपण दुसऱ्यांदा काढतोय, आणि दोन्ही वेळा माझ्याच बोटांनी, हे मला एकदम कळलं. मला स्वतःची किळस आली. मी कागद ओढून काढला आणि केबिनमध्ये गेलो.

"साहेब," मी विचारलं, "आत म्हणजे काय?"

"आत म्हणजे आत," प्रभंजनसाहेब म्हणाले. "बाहेरच्या उलट."

"आणि हाक?"

"हाक म्हणजे हाक. कुणालातरी मारतात ती."

मी दत्ताअण्णांकडे वळलो. "अण्णा, साहेबांनी भट्टीवरचं 'हाक' आणि 'आत' मोजलं. मराठीतनं."

दत्ताअण्णांनी ते शब्द मनातल्या मनात घोळवले. मग त्यांचे ओठ हलले, "हाक... घाल. आत... झालं." आणि ते हसले. खुर्चीवरून खाली येतील इतके हसले. मग त्यांची नजर खिडकीबाहेरच्या थप्पीवर गेली आणि हसणं थांबलं.

प्रभंजनसाहेबांनी वही काढून शांतपणे बघितली. "म्हणजे माझी मोजणी अचूकच होती," ते म्हणाले. "रकान्यांची नावं तेवढी बदलावी लागतील."

दत्ताअण्णांनी मला विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"शाबास. जा, सिद्रामला घेऊन ये. घंटा काढून टाक आधी."

मी घंटेची वायर स्वतः तोडली आणि फाटकाकडे जवळजवळ पळत गेलो. सिद्राम स्टुलावर बसून रजिस्टरात लिहीत होता. कलघटगीची अजून दोन पोती आत आली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, कानडीतलं हाक, मराठीतलं हाक, दुधी काच, अकरा, दोन. तो ऐकता ऐकता हसायला लागला. "ल्हान पोरासारकं हाका!" म्हणाला. "आणि म्या म्हनतोय, हे खूळ आलं कुठनं!" हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं सदऱ्याच्या लांब बाहीनं पुसलं. मग थांबला.

"पर वेंकण्णा, त्या वह्या तुमीच टाइप केलासा की."

मी रजिस्टरातले रकाने बघायला लागलो.

"तवाच कळलं हुतं तुमाला?"

दत्ताअण्णांना सांगितलं तेच उत्तर जिभेवर होतं. पण हा माणूस झरोक्यातून नुसता रंग बघून पातं पिकलंय की कच्चं आहे ते सांगायचा. तो माझ्या तोंडाकडे तसाच एक डोळा बारीक करून बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "तवाच."

त्यानं थोडा वेळ आणखी बघितलं. मग रजिस्टर मिटलं, शिट्टी खिळ्याला अडकवली, खाकी सदरा काढून स्टुलावर घडी करून ठेवला आणि बनियनवरच नळाकडे गेला. डोळ्यांवर पाणी मारलं आणि भट्टीकडे निघाला. मी मागोमाग. भरमानं चिमटा वर करून त्याला नमस्कार केला. सिद्रामनं झरोक्याला डोळा लावला आणि ओरडला, "हाक!" अख्खा कारखाना काम थांबवून ऐकत होता. बारा मिनिटांनी "आत!" आलं. सारखं तोंड उघडून भट्टी गार पडली होती म्हणून एक मिनिट जास्त लागलं.

पाती पुन्हा चांगली निघायला लागली. दिवसाला छत्तीस ताटं. दत्ताअण्णांनी ढाल कपाटाच्या मागं टाकली. पंजाबची पाती यार्डात राहिली, आमचीही राहिली. शेतकरी दोन्ही वाकवून बघायचे आणि मग घ्यायचे. माझी फिरती खुर्ची कुणी काढून घेतली नाही. शाबासकीही मिळाली होती ना.

सिद्राम पुढं सहा वर्षं भट्टीवर होता. माझ्याशी भांडला नाही, वाईट बोलला नाही, हजेरीला सही करताना नीट बोलायचा. दुपारी एक वाजता तो भरमाला विचारायचा, दत्ताअण्णांना विचारायचा, माल न्यायला आलेल्या अनोळखी लॉरीवाल्यालाही विचारायचा, "ऊट आत?" मी डबा हातात घेऊन त्याच्या समोरून झाडाखाली जायचो, मुद्दाम हळू चालायचो. मला त्यानं परत कधीच विचारलं नाही.